बांधावरची अटक

पोलिसांच्या गाडीत मी जन्मात एकाच दिवशी बसले. त्या दिवशी अंगावर लग्नातलं लुगडं होतं आणि हातात भाकरी-सुकटीचा डबा. अटक व्हायचंच तर चारचौघांत शोभेल असं व्हावं, हे सासूबाईंचं मत. त्यांनी तर नथसुद्धा घातली होती. ती बघून मला सारखं हसू येत होतं आणि त्या मला कोपराने ढोसत होत्या.

गोष्ट ऐंशीच्या आगेमागेची. सानपाड्याच्या अंगाला, खाडीकाठी आमचं आगऱ्यांचं गाव. सरकारला इथे नवं शहर वसवायचं होतं आणि त्यासाठी आमची शेतं हवी होती. योग्य भाव ठरल्याशिवाय मोजणी होऊ द्यायची नाही, असं गावाने ठरवलं. सासऱ्यांनीही मान डोलावली, पण त्यांना वेगळीच काळजी होती. आमची शेती खारी, म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून आत भात लावायचा. सासऱ्यांच्या वडिलांनी टोपल्या टोपल्या चिखल टाकून तो तुकडा खाडीकडून सोडवून घेतला होता. आणि आता कानावर आलं होतं की बांधाआतली सगळी जमीन कागदावर ‘खाजण, पडीक’, म्हणजे भरतीत बुडणारी ओसाड दलदल, म्हणून लागणार. जमीन जायची तर जाईल, पण पडीक म्हणून जाऊ नये, एवढंच सासऱ्यांचं मागणं. त्यांच्या बापाने काय जन्मभर चिखलात खेकडे पकडले का, असं ते जेवताना विचारायचे. उत्तर कोणी द्यायचं हा प्रश्नच होता, कारण तोपर्यंत कालवण गार झालेलं असायचं.

मोजणीचा दिवस आला तो नेमका भाद्रपदातल्या अमावस्येचा. आदल्या रात्री गावकी बसली. रस्ता अडवायला न येता जो घरात राहील त्याच्या हळदीला गाव जाणार नाही, असं ठरलं. आमच्यात हा धाक पोलिसाच्या दांडक्याहून मोठा. लग्न कोर्टात लावा, कोणी विचारणार नाही, पण हळद ओकीबोकी गेली तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागतं. माझ्या नणंदेची हळद माघात होती. सासऱ्यांनी मुकाट्याने टोपी डोक्यावर चढवली.

सकाळी आठाला झाडून सगळं गाव रस्त्यावर बसलं. म्हातारे, बाळंतिणी, तापाने फणफणलेला एक जण घोंगडी पांघरून, सगळे. समोर मोजणी कारकून, त्याचा शिपाई, साखळी, झेंडे आणि खुंट्यांची दोन पोती. त्यांच्या मागे पोलीस. फौजदार देशावरचा, अंगाने भरलेला, आवाजाने मऊ. त्याने हुकूम वाचून दाखवला. कोणी हललं नाही. मग त्याने सासूबाईंना हात जोडून उठायला सांगितलं. सासूबाईंनी गुडघे दुखतात, उचलून न्या, असं कळवलं. बाया उचलायला पोलीसबाया दोनच. त्या तिसऱ्या बाईलाच घामाघूम झाल्या, तेव्हा आम्हालाच दया आली आणि आम्ही आपापल्या पायांनी गाडीत चढलो. कित्येक म्हाताऱ्यांची मोटारीत बसायची ती पहिली वेळ. जाळीतून त्या वाटेवरच्या सोयऱ्यांना हाका मारत होत्या.

शेजारच्या गावातल्या शाळेत आम्हाला कोंडलं. डबे उघडले, पोलीसबायांना भाकरी वाढली, एका म्हातारीने फौजदाराच्या पोटावर गाणं रचलं. अकरा वाजून गेले असतील. अशात सासरे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “बांधावर कोन हाय?”

आमच्याकडे दर उधाणाला दोन घरांची पाळी असते. अमावस्या-पुनवेची मोठी भरती असली की त्या दोन घरांनी बांध राखायचा, कुठे पाणी झिरपलं तर लगेच चिखल लावायचा. त्या दिवशी ज्यांची पाळी होती ती दोन्ही घरं खिडकीपाशी बसून सुकट खात होती. हळदीच्या धाकाने तीही आली होती. त्यांना वाटलं दुसरं घर थांबेल. गावाला वाटलं पाळीवाले आहेतच. खाडीला जन्मभर ओळखणाऱ्या माणसांनी उधाणाच्या दिवशी खाडी उघडी टाकली होती, तीसुद्धा जमीन वाचवायला. भरती साडेबाराची.

खारं पाणी आत शिरलं तर त्या वर्षीचं भात जाणार होतं, आणि शेतात नुसतं पाणी दिसलं की कारकुनाला ‘पडीक’ लिहायला मोकळं रान. सासरे दाराशी जाऊन फौजदाराला सगळं सांगू लागले. फौजदार हसला. आकाशात ढग नाही आणि पूर कुठला येतो, असं त्याचं म्हणणं. पळायची युक्ती जुनी आहे, म्हणाला. बिचाऱ्याने नदी पाहिली होती, खाडी पाहिली नव्हती.

सासरे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मला त्यांचा असा कळवळा आला की मी सून आहे हे विसरून पुढे होऊ लागले. पण सासूबाई माझ्या आधी पोचल्या.

“सायेब, आमी काय सुटाला मागत नाय. आमाना बांधावर नेऊन धरून ठेवा. अटक ती अटक, हितं काय न्‌ तितं काय.”

फौजदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. “भात कुठवर आलंय?” त्याने विचारलं.

“पोटरीला आलंय.”

दाणा भरायच्या आधीचं, पोट फुगलेलं पीक. फौजदारही शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला त्यापुढे काही सांगावं लागलं नाही. त्याने टोपी सारखी केली आणि गाड्या काढायला सांगितल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बांधाला खांड पडलेली होती. गाडीच्या चाकाएवढं भगदाड, आणि त्यातून पाणी घुसत होतं. खांडीवर एक रीत आहे: तिथे कोणी कोणाची सून नसते, कोणी कोणाचा वैरी नसतो, ज्याला हात आहेत तो चिखल देतो. मी कासोटा खोचून सासऱ्यांच्या शेजारी उभी राहिले. रांग लागली, चिखलाचे गोळे हातोहात जाऊ लागले. पेंढा आला. चिखल धरून ठेवायला खुंट्या हव्या होत्या, तेव्हा कोणाला तरी मोजणीची पोती दिसली. पोलीस शाळेत अडकले म्हणून मोजणी सुरू न करता कारकून ती घेऊन शेताकडेला बसून होता. कारकून सरकारी माल, सरकारी माल म्हणत मागे धावला, पण तोवर निम्म्या खुंट्या खांडीत ठोकून झाल्या होत्या. आमच्या बांधाला सरकारने केलेली एवढीच मदत. मग पोलिसांनी बूट काढले. एक हवालदार कमरेपर्यंत रुतला. त्याला ओढून काढताना पाच जण त्याच्यावर पडले, आणि ज्यांना सकाळी उठता येत नव्हतं त्या सासूबाईंनीच त्याचा दंड धरून वर घेतला. गुडघ्यांचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

दीडच्या पुढे पाणी उतरू लागलं. अटक अजून कागदावर चढायची होती, म्हणून आम्ही आपणहून गाडीत बसलो. शाळेत गेल्यावर कळलं की गर्दीत मोजणीचा शिपाईही आमच्याबरोबर धरून आणलाय. चिखलाने सगळे सारखेच दिसत होते. तो सांगून सांगून थकला होता.

सोडायच्या आधी कारकुनाने पाहणीचे कागद काढले. मोजणी झाली नाही तर नाही, पाहणी झाल्याचे अंगठे तरी द्या, म्हणाला. सासऱ्यांनी कागद माझ्याकडे दिला. सातवी शिकलेली मी एकटीच. कागद घरूनच भरून आणलेला होता. मी मोठ्याने वाचलं: खाजण, पडीक. सासऱ्यांचा अंगठा शाईवरून मागे आला.

कारकून म्हणाला, नकाशात तसंच आहे.

फौजदार नळावर पाय धूत होता. तो तसाच ओल्या पायांनी आत आला.

“मग दोन तास मी काय पडीक वाचवत होतो का?” तो म्हणाला. “माझ्या डायरीत उभ्या भाताचा बांध फुटला असं लिहिलंय. तुमच्या कागदात दुसरं आलं तर वर दोघांनाही विचारतील.”

कारकुनाने पेनाचं टोपण काढलं. मग एक ओळ खोडली, वर लिहिलं आणि खाली सही केली. आमच्या बांधाआतल्या सगळ्या जमिनींच्या कागदांवर त्याला तेच करावं लागलं.

त्या साली भात चांगलं आलं. माघातल्या हळदीला फौजदाराला बोलावलं होतं. तो आला, आणि त्या म्हातारीने पोटावरचं गाणं त्याला पहिल्यापासून ऐकवलं.

जमीन दोन वर्षांनी गेलीच. बांधाआत भरावाचे डंपर येऊ लागले त्या दिवशी सासरे बाहेर पडले नाहीत. ओटीवर बसून राहिले आणि मला पाहणीच्या कागदाची नक्कल आणायला लावली. मी वाचलं: उभे भात. बाहेर डंपर माती ओतत होते. ते म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. संध्याकाळपर्यंत किती वेळा वाचलं ते मला सांगता येणार नाही.