चौदा नंबरचा बिल्ला

आमचे व्याही गिरीराज यांच्या खिशात कायम शिंप्याची टेप असते. मुलांच्या लग्नात त्यांनी हारसुद्धा मोजला होता. "स्वल्प आखूड आहे," आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, आणि सगळा मंडप हसला. मी तर आजही हसतो, पण पुढचं आठवलं की थांबतो.

हेब्बाळजवळच्या एका संशोधन संस्थेत अठरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी द्राक्षाच्या साठ वेली लावल्या. रोज के. आर. पुरमहून बसने जायचं, पत्र्याचे बिल्ले बांधलेल्या वेलींच्या काड्या मोजायच्या, पानं मोजायची, वहीत लिहायचं. ते आकडे दिव्यश्री नावाची नागपूरची मुलगी संगणकात भरायची. मी एकदा पाहायला गेलो होतो. ऊन इतकं, पाणी इतकं असं सांगितलं की पडद्यावर वेल पान पान वाढायची. आमच्या गावच्या शाळेत मास्तर फळ्यावर खडूने आंबा काढायचे त्याचंच आम्हाला कोण कौतुक, आणि इथे तर वेल आपली आपण वाढत होती.

मग तो उन्हाळा आला. बोअर आटली, टँकर मिळेनात. पाणी किती कमी करता येईल, हे दिव्यश्रीने संगणकाला विचारलं. आठवड्यातून एकदा दिलं तरी एकही वेल मरणार नाही, असं उत्तर आलं. पाणी तोडलं.

त्या संध्याकाळी व्याही माझ्याकडे आले. चहा निवला तरी हात लावला नाही.

"भगवंतराव, मी वेली मरू दिल्याच नाहीत."

"मग चांगलंच केलंत की."

"तसं नव्हे. मागल्या दोन उन्हाळ्यांत सात वाळल्या. साहेब म्हणालेले, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मी बिल्ला सोडून शेजारच्या बिनबिल्ल्याच्या हिरव्या वेलीला बांधत गेलो. काडीची लांबी जुळेल अशी बघून."

म्हणजे संगणकाला मेलेली वेल ठाऊकच नव्हती.

"सांगून टाका त्या पोरीला."

"अठरा वर्षांची वही खोटी म्हणतील."

यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, "थांबा थोडं, पाऊस येईल."

पाऊस आला नाही. पाचव्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. दिव्यश्री रागावली नाही. नुसतं विचारत राहिली, "अण्णा, कुठल्या सात? तारखा आठवतात का?" त्याच दुपारी दुप्पट पैसे मोजून टँकर मिळवला, ठिबक सुरू केलं. एकेचाळीस वेली पुन्हा पालवल्या नाहीत.

पुढे तिने ते सात बिल्ले मूळ जागी बांधायला सांगितले. मीही बरोबर गेलो. मागल्या दोन उन्हाळ्यांतली वाळकी खोडं तशीच तारेला टेकून उभी होती. व्याह्यांनी एकेक बिल्ला बांधला. चौदा नंबरपाशी सवयीने टेप काढली, काडीला लावली, आणि वही माझ्याकडे दिली.

"लिहा. आजची तारीख."

"पानं?"

त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं, एखादं राहून जायला नको म्हणून.

"शून्य," म्हणाले.