लालबर्ऱ्याच्या बाईचा नंबर

देवळातल्या रामाला दवाखान्यांतलं काय कळतं, असं मी त्या वेळी चक्क मनात म्हटलं होतं. आज ते आठवलं की हसूही येतं आणि लाजही वाटते. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते, लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं की आता टेस्ट ट्यूब बेबीशिवाय मार्ग दिसत नाही, नागपूरला जा. नागपुरात आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक खासगी केंद्र. तिथं महिन्याभरात उपचार सुरू होणार होते, पण आम्हा दोघांची सगळी शिल्लक एकाच प्रयत्नात संपणार होती. दुसरं सरकारी इस्पितळ. तिथंही इंजेक्शनं आपल्याच पैशांनी आणायची, तरी खर्च बराच कमी. पण नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि माझं वय काही थांबणार नव्हतं. ह्यांना विचारलं की म्हणायचे, तू म्हणशील तसं. इतक्या भल्या माणसाचा मला तेव्हा फार राग यायचा.

आमच्या घरात असा पेच पडला की रामपायलीला नदीकाठच्या रामाच्या देवळात जायची रीत होती. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, सारख्या घड्या घालायच्या, रामापुढे ठेवायच्या. सासूबाई डोळे मिटून एक उचलायच्या. उचललेली उघडून वाचायची आणि उरलेली न उघडताच नदीत सोडायची, कारण देवानं जे दिलं नाही ते आपण वाचू नये. सासऱ्यांची बदली, घराची जागा, इतकंच काय ह्यांचं नावसुद्धा तसंच ठरलेलं. मी कलेक्टर कचेरीत बाबू, अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच शब्द लिहिला. खासगी.

मी असं का केलं ते खरं सांगते. मला रांगेची लाज वाटत होती. हातात फाईल घेऊन, नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत, ओळखीचं कुणी दिसेल या भीतीनं पदर ओढून उभी राहिलेली मी मला नको होते. खासगी केंद्रात आम्ही एकदा जाऊन आलो होतो. तिथं सोफा होता, गार हवा होती, आणि एका मुलीनं मला नावानं हाक मारून पाणी दिलं होतं. तेवढ्यानंच मी विरघळले. सासूबाईंनी चिठ्ठी उचलली, मी गंभीर चेहऱ्यानं वाचली, दुसरी नदीत गेली. ह्यांनी रामाला लोटांगण घातलं.

पुढचा आठवडा काही गोड लागेना. नागपूरची तारीख ठरली, घरात सगळे निर्धास्त झाले, आणि मी मात्र देवघरासमोरून जाताना नजर चोरू लागले. शेवटी एका दुपारी ओसरीवर सासूबाईंसोबत चिन्नोर तांदूळ निवडत बसले असताना मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता ताट बाजूला सारून उठतील. त्या मात्र खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीबी तेच केलं होतं. तुया नवऱ्याच्या नावाच्या वेळी दोन्ही चिठ्ठ्यांत मले पाहिजे तेच नाव होतं. सासू म्हणे, पहा, रामाच्या मनातलं आलं."

एवढ्या देवभोळ्या बाईनं हे करावं? मग विचारायचं तरी कशाला, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाव आपल्या हातातलं होतं, बाई. लेकरू नाही. तिथं चलाखी चालत नाही. तारखेच्या आधी त्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन ये. मी येतो संग. मंग जे होईन ते होईन."

अशा रीतीनं आम्ही दोघी सासू-सुना पहाटेच्या बसनं नागपूरला निघालो. तो प्रवास मला अजून फार आवडीनं आठवतो. सासूबाईंनी डब्यात पराठे आणि आंब्याचं लोणचं घेतलं होतं आणि बसमधल्या अर्ध्या बायकांना ते वाटून टाकलं. मी मात्र घास घेतला नाही. त्याचा परिणाम इस्पितळात झाला. दोन तास रांगेत काढल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी उभ्या बाईनं मला सावरलं. चाळिशीची असेल, पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी. बोलण्यावरून आमच्याच भागातली वाटली म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर लालबर्ऱ्याची निघाली. तिनं माझी फाईल स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, तुम्ही बाहेर हवेत बसा, मी नंबर धरून ठेवते.

बाहेर कडुनिंबाखाली बसल्यावर मला एकदम सगळ्याचा वीट आला. मी सासूबाईंना म्हटलं, चला, फाईल घेऊ आणि परत जाऊ, हे आपल्याच्यानं होणार नाही. त्यांनीही पिशवी उचलली. तेवढ्यात ती बाई धापा टाकत आली. सगळ्या आवारात आम्हाला शोधत फिरली होती. "चला लवकर, तुमचं नाव पुकारलं. मोठ्या मॅडम आज बसून राह्यल्या, मंग पंधरा दिवस भेटत नाहीत." माझा हात धरून तिनं मला ओढतच दारापर्यंत नेलं आणि आत ढकललं. मी तिच्याकडे वळून पाहिलंही नाही.

आत डॉक्टरांनी सगळी फाईल पहिल्यापासून वाचली, मग स्वतः सोनोग्राफी केली आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. गर्भाशयात एक लहानशी गाठ होती. ती आधी काढा, म्हणाल्या, नाहीतर गर्भ रुजणं अवघड. पैसे कुठंही भरा, वाया जाण्याचीच भीती. गाठ इथं काढून देते. पण आमच्याकडे पुढचा नंबर लागायला वर्ष जाईल आणि तुमच्या वयाला ते परवडणार नाही, तेव्हा त्यानंतर खुशाल खासगीत जा. चार वाक्यांत त्यांनी माझा कित्येक महिन्यांचा घोळ मिटवला.

परतीच्या बसमध्ये मी आनंदानं बोलत सुटले होते. तुमसर मागे पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईचा नंबर गेला." ती आम्हाला शोधत बाहेर असतानाच तिचंही नाव पुकारलं गेलं होतं. परत आली तोवर दोघींचेही नंबर मागे पडले होते, दारावरच्या नर्सनं एकीलाच आत सोडलं, तिथं तिनं मला पुढे केलं, आणि माझ्यानंतर डॉक्टर ऑपरेशनला निघून गेल्या. तिला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. सासूबाईंनी हात जोडले तर ती म्हणाली होती, "मी तं येतच राहते, आई. तिचा पहिला दिवस होता." तिलाही मूल नव्हतं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. उरलेला रस्ता मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

गाठ काढायला गेले तेव्हा तिला प्रत्येक बाकावर शोधलं. लालबर्ऱ्यालाही दोनदा जाऊन आले, पण नावाशिवाय कुणाला काय विचारणार? ती देव होती असं मी म्हणत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि धावून ती दमली होती. एवढंच म्हणते की त्या दिवशी मी निघून जात होते आणि कुणीतरी मला परत नेलं.

खासगी केंद्रातला तो एकच प्रयत्न फळाला आला. मुलगी आता चार वर्षांची आहे. सासूबाईंच्या मांडीवर ती दीड वर्ष खेळली. आता त्या नाहीत, आणि दुपारी तांदूळ निवडायला बसले की घर फार मोठं वाटतं. मुलीला घेऊन मी रामपायलीला जाते. पूर्वी देवापुढे उभी राहिले की मागण्यांची यादीच सुरू व्हायची. आता तसं होत नाही. काय द्यायचं, कधी द्यायचं, ते त्याचं त्यानं बघावं. मी डोळे मिटते, त्या बाईला मनातल्या मनात माझ्यापुढे रांगेत उभं करते, आणि माझा नंबर येईपर्यंत मागे थांबते.