टाकीचं झाकण

बाबांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी अँबेसेडर घेतली होती. आमच्या सिंदी मेघेच्या घरी ती अजून पोर्चमध्ये उभी आहे. जयंतीच्या दिवशी बाबा ती स्वतः धुवायचे, बॉनेटला निळा झेंडा लावायचे आणि आम्हा सगळ्यांना आत कोंबून वर्धाभर फिरवायचे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर मिस्त्रीही आले. बाबांच्या वेळेपासून तिचं सगळं काम तेच करायचे. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. एका कानाने कमी ऐकू यायचं, पण चालू इंजिनावर तळहात ठेवून ते नेमकं कुठे दुखतंय ते सांगायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जास्त लाज त्याचीच आहे.

गेल्या दिवाळीनंतर गाडी रस्त्यात बंद पडू लागली. पोर्चमध्ये तासभर चालू ठेवली तरी काही व्हायचं नाही. बाहेर काढली की दहा-बारा किलोमीटरवर आचके द्यायची आणि थांबायची. मग फोन, मग मोपेडवर मिस्त्री. आल्याबरोबर ते बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मास्तर, पेट्रोल पाहून घ्या बरं!" काटा कधीचाच मेलेला, म्हणून डिक्कीत पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, एक सोललेली काडी ठेवलेली असायची. मी मागे जाऊन टाकीचं झाकण उघडायचो, काडी बुडवायचो, ओल कुठवर आली ते बघायचो आणि ओरडायचो, "आहे!" मिस्त्री म्हणायचे, "मारा सेल्फ." गाडी चालू!

दर वेळी हेच. आमचे रविवार पोर्चमध्ये जाऊ लागले. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. पेट्रोलचा पंप तापत असेल म्हणून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं. ऐन थंडीत ओलं फडकं! मिस्त्री पायरीवर बसून पंपाच्या रबरी पडद्याकडे बघत राहायचे. "काऊन बंद पडते, मले काई समजून नाई राह्यलं," असं ते सरळ म्हणायचे. मला तो प्रामाणिकपणा वाटायला हवा होता, पण मी मुळात संशयी माणूस. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. हा माणूस आला की गाडी चालू होते. याने फक्त हात लावला की होते. म्हणजे याला रोग ठाऊक आहे, हा सांगत नाही.

आर्वीला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. त्या दिवशी गाडी तीनदा थांबली, तिन्ही वेळा मिस्त्रींना मोपेडवर यावं लागलं आणि आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. बहिणीने आमच्यापुरती ताटं पुन्हा मांडायला लावली, तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना घरी बोलावलं. शेजारचे दोघे-तिघे फाटकाशी उभे होते, समोरच्या वहिनी दारात होत्या. मी म्हणालो, "तुझ्याच हाताने चालू होते ना? मग बंदही तूच करून ठेवतोस. आपलं काम सुरू राहावं म्हणून."

इतकी वर्षं मी त्यांना अहो-जाहो करत आलो होतो. त्या दिवशी 'तू' म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मिस्त्रींना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी कान पुढे केला. आणि मी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी आपले पाने-पकडी फडक्यात गुंडाळले आणि गेले. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांनीही आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मग कळलं, मिस्त्रींनी आपलं दुरुस्तीचं शेड बंद केलं आणि ते वडनेरला मुलाकडे राहायला गेले.

महिनाभराने मी स्वयंपाकघरात तेलाचा नवा डबा फोडत होतो. एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल गुटगुट करत यायचं, अडायचं, पुन्हा यायचं. बायको म्हणाली, "दुसरं भोक पाडा नं. हवा कुठून जाईन?"

मी डबा तसाच खाली ठेवला. हवेचा दाब शिकवताना हाच डबा मी वर्षानुवर्षं वर्गात नेला होता, एका भोकाचा आणि दोन भोकांचा.

दिवाळीच्या आधी मला वाटलं होतं की रात्रीतून कोणी पेट्रोल काढतंय. म्हणून मी बाजारातून चावीचं, घट्ट बसणारं झाकण आणलं होतं. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं, नव्याला नव्हतं. इंजिन पेट्रोल ओढायचं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती, म्हणून थोड्या अंतरावर पेट्रोल येणंच थांबायचं. आणि मिस्त्री समोर राबत असताना मागे झाकण मी उघडत होतो. फुस्स आवाज दर वेळी माझ्याच कानात जात होता. गाडी चालू होत होती ती माझ्या हाताने. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसलो असतो.

झाकणाला भोक पाडलं. गाडी पुन्हा थांबली नाही. तरी वडनेरला जायला मी दोन महिने लावले. घरी सांगितलं, कार्बोरेटरमधला कचरा निघाला. शेवटी एका सकाळी निघालो. हिंगणघाटपर्यंत एकच वाक्य घोकत होतो: चूक माझी होती, मिस्त्रींची नाही. त्यांच्या घरी जे कोणी असतील त्यांच्यासमोर ते म्हणायचं, हे ठरवूनच निघालो होतो. बोललो चारचौघांत, तर फेडायचंही चारचौघांतच.

ओट्यावर त्यांची सून तूर पाखडत होती. तिने मला आणि गाडीला बघितलं. "तुमीच का ते मास्तर? बाबांनी तवापासून पान्याले हात नाई लावला. म्हनते, आता मले काई समजत नाई."

मिस्त्री बाहेर आले. ते वाळले होते. "गाडी चालते?" एवढंच त्यांनी विचारलं आणि रस्त्यावर उभ्या गाडीपाशी गेले. मी बॉनेटकडे न जाता मागे गेलो, तेव्हा तेही मागे आले. मी झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"हे कवाचं?"

"दिवाळीच्या आधीचं. मीच आणलं. भोक नंतर पाडलं."

त्यांनी भोकाला ओठ लावून फुंकर मारली. अंगठ्याने भोकाची कड चाचपली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे माह्या हातात खोट नोती."

"नव्हती, मिस्त्री. मी तुम्हाला त्या दिवशी जे..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

सून आमच्यापाशी येऊन उभी राहिली होती. "काय निघालं मंग, बाबा?"

"काई नाई वं. जुनी गाडी आहे, होते असं. सापडलं एकदाचं."

"तुमाले नाई सापडलं, अन् मास्तरले सापडलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते झाकण बसवू लागले. घोकून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि जिने ते ऐकायला हवं ती समोर उभी होती. मी नुसती मान हलवली. तिने ते हो असंच धरलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.