आनंदच्या सगळ्या टेस्ट पास

माझा नवरा सगळ्या टेस्ट पास होऊन मेला.

आज वर्ष झालं.

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून चाललंय, "आनंद सर जीनियस होते." होताच. लखनौमधल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघं. तो कोड लिहायचा, मी टेस्टर. त्याच्या मते माझं काम म्हणजे टाइमपास.

पहिल्या हार्ट अटॅकनंतर त्याने स्वतःसाठी अ‍ॅप लिहिलं. मनगटावरचं घड्याळ नाडी मोजणार, ती फार घसरली की मला मेसेज जाणार.

युनिट टेस्टही लिहिल्या, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा करून तपासायचा. साहेबांच्या पद्धतीने.

घड्याळाच्या जागी स्टब. म्हणजे तोतया. विचारलं की ठरवून दिलेला आकडा सांगतो.

मेसेज पाठवणाऱ्याच्या जागी मॉक. हा दुसरा तोतया. पाठवत काहीच नाही, फक्त "मला पाठवायला सांगितलं होतं" अशी साक्ष देतो. तेवढ्यावर टेस्ट पास.

"एकदा खरा मेसेज पाठव ना माझ्या फोनवर," मी म्हटलं.

"अगं, युनिट टेस्टमध्ये खरं काही आणायचं नसतं. बेसिक आहे यार."

"मग टेस्टच्या बाहेर पाठव."

"अटॅकपण खरा आणून दाखवू का?"

आणि हसला. स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायची सवय होती त्याला.

अटॅक खरा आला. तेलीबागच्या घरी, भर दुपारी. मुलगी कॉलेजात, मी चौक बाजारात चिकनकारीचे कुर्ते बघत होते.

मेसेज आला नाही.

तेराव्याला त्याच्या टीममधला एक जण जवळ येऊन म्हणाला, "भाभीजी, सर का कोड एकदम सही था. मैंने चलाके देखा, सारे टेस्ट पास हैं."

मी हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "अच्छा? इनको भी बता दो."

मग मीच शोधत बसले. आपल्याकडे अ‍ॅपमधून आपोआप जाणाऱ्या असल्या मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर तो बदलला, तर मेसेज पाठवणारी कंपनी गुपचूप अडवते. आनंदने मंजूर झालेला रुक्ष इंग्रजी मजकूर बदलला होता. बदलून टेस्ट पुन्हा चालवल्या. पास! मॉकला मजकुराशी काय देणंघेणं?

त्या दुपारी अ‍ॅपने वेळेवर मेसेज सोडला होता. तो वाटेतच अडला.

नवा मजकूर मराठीत होता.

"मीनल, भांडण नंतर. आधी घरी ये."

मुलगी म्हणाली, "मम्मी, पापा ने आपके लिए चेंज किया था."

हो, माझ्यासाठीच. प्रेमापायी मेला गाढव.

आनंद, मला तुझा राग येतो. रोज येतो. तो इंग्रजी मेसेज चालला असता रे मला.

फोन माझ्या हातातच होता. कुर्त्यांचे फोटो पाठवून तुलाच विचारत होते, निळा घेऊ की पांढरा.

श्रद्धांजली घे. भावपूर्ण मागू नकोस.