मागितली तेवढीच जागा

ताटावर हात आडवा धरून "बास, बास" म्हणायचं, आणि वाढणाऱ्याने ते अजिबात ऐकायचं नाही. भोर तालुक्यातल्या किकवी गावात मी याच शिस्तीत वाढले. चुलतीकडे जेवायला निघालो की आई उंबऱ्यातच बजावायची, "हावरटावानी मागायचं न्हाई. लोकं काय म्हणतील?" मी कधीच मागितलं नाही. तरी कुठूनही उपाशी परतले नाही, कारण समोरचं माणूस वाढतच राहायचं.

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि गाठ पडली मेनफ्रेमशी. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांचा अजस्र संगणक. त्याला नेमून दिलेल्या एकेका कामाला जॉब म्हणतात. माझ्या वाट्याला जो जॉब आला, तो दर महिन्याला एका विमा कंपनीच्या ग्राहकांची पत्रं तयार करायचा. ती पत्रं ज्या फाइलीत उतरतात तिच्यासाठी आधी जागा मागून ठेवावी लागते. सुरुवातीला किती हवी आणि कमी पडली तर दर खेपेला किती वाढवायची, असे दोन आकडे लिहायचे. वाढीव जागा पंधरा वेळा मिळते. सोळाव्यांदा हात पसरला की काम अर्ध्यावर बंद. आमच्या भाषेत, जॉब पडला.

त्या जॉबवर मी मनातल्या मनात बरंच काही टांगून ठेवलं होतं. वडील गेल्यापासून गावी आई आणि एक म्हैस, एवढाच संसार. गुडघे दुखायचे, तरी आई धार काढायला बसायची आणि उठताना गव्हाणीला धरायची. मी पुण्यात खोली करून राहत होते आणि शनिवारची एसटी पकडून घरी जात होते. मला किकवीहून काम करायचं होतं. टीममधले दोघे आपापल्या गावाहून करतही होते. पण मागायचं कोणत्या तोंडाने? म्हणून ठरवलं, जॉब सलग तीन महिने न पडता चालवून दाखवायचा आणि मगच विचारायचं.

पहिल्याच महिन्यात तो पडला. मी वाढीचा आकडा एकाने वाढवला. पुढच्या महिन्यात कसाबसा निघाला, तिसऱ्या महिन्यात पुन्हा पडला. असं किती वेळा झालं, सांगायची लाज वाटते. दर वेळी मी त्या संगणकाला शिव्या घालायचे आणि आकडा चिमूटभर वाढवायचे; तिकडे ग्राहक त्याहून जास्त वाढलेले असायचे. दोन वर्षं गेली.

एका सकाळी जॉब पडला तेव्हा आमच्या मोठ्या मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. निवृत्तीला आलेल्या, मूळच्या भोरच्या. त्यांनी चष्मा वर करून आकडे पाहिले.

"सुरुवातीला फक्त पाच? पत्रं किती निघतात, माहीत आहे ना?"

"हो. पण जास्त मागितली तर दुसऱ्यांना कमी पडेल असं वाटलं."

"उरलेली जागा परत करायची सोय असते. ती तर तुम्ही लिहिलीसुद्धा आहे." त्या हसल्या. "पाचातून काय परत करणार होता हो?"

माझे कान तापले. मॅडमनी आवाज खाली आणला. "मी पण तिकडचीच आहे. पण इथे कोणी आग्रह करत नाही. लागेल तेवढं पहिल्यांदाच मागायचं."

मी पाचाचे पाचशे केले. लिहिताना बोट अडखळलं, खोटं कशाला सांगू. चहा यायच्या आत जॉब पूर्ण झाला आणि उरलेली जागा निमूटपणे परत गेली. कोणी मला हावरट म्हटलं नाही. मला इतका आनंद झाला की तीन महिन्यांची अट विसरून मी तिथेच विचारलं, "मॅडम, मला गावाहून काम करता येईल का? आई एकटी असते."

"येईल की. उद्याच अर्ज टाका," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस का नाही विचारलंत?"

दोन वर्षांचे सगळे शनिवार एकदम आठवले आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

त्या शनिवारी जेवताना आईला सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मी इथंच राहणार. काम इथूनच करणार." आईने डाव खाली ठेवला.

"कवापासनं म्हणायचं व्हतं तुला, ये घरी," ती म्हणाली. "गुडघं लई धरत्यात. एकटीला घास जात न्हाई. पर तुझं काम मोठं. म्हनलं, मागायचं कसं?"

मला रडू आलं आणि हसूही. डाव उचलून मी तिच्या ताटात भात वाढला. मग आणखी वाढला. त्या दिवशी आईने हात आडवा धरला नाही.