मिळालेली रजा आणि काचघर

गुंजवण्याहून मी निघाले त्या सकाळी खाचरात भातलावणी चालू होती. आई तशीच रस्त्यावर आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला जवळ घ्यायला पुढं झाली आणि थांबली. "साडी खराब व्हईल तुजी," म्हणाली. वडील आधीच वारलेले. धाकटी बहीण सुनीता माझी बॅग जीपच्या टपावर बांधत होती. जीपनं मार्गासनी, तिथून एसटीनं पुणे, आणि पुढं स्कॉटलंड. नवरा आधीपासून तिथं नोकरीला होता. दोर आवळून झाल्यावर सुनीता खाली उतरली आणि म्हणाली, "जा तू. आईची काळजी करू नगंस, म्या हाय." ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिलाही कुठं जायचं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आपल्यातले जे निघाले त्यांना हे सांगायला नको. पहिली दोन वर्षं जीव तुटतो, मग तो हळूहळू रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भागतो. भोरच्या कॉलेजातली बी.एस्सी. मला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आली. मी रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या मशीनला लावते, शिफ्ट संपली की सुपरमार्केटातून मेथी म्हणून पालक आणते. आणि जे तिथंच राहिले त्यांना मी दर रविवारी विचारते, "पाऊस कसा आहे?" त्यांचा दिवस कसा गेला हे विचारायचं राहून जातं.

रोपांच्या बाबतीत सुनीताचा हात धरणारं कोणी नव्हतं. अख्ख्या आळीच्या वांग्या-मिरच्यांची रोपं तीच करायची. तीन वर्षांपूर्वी शिवऱ्याच्या एका भाजीपाल्याच्या नर्सरीत तिला काम मिळालं. आधी शिकायचं, मग शेडनेटमधल्या सगळ्या रोपांची जबाबदारी. तिला रुजू व्हायचं होतं एप्रिलात. मार्चअखेर आई बांधावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, आई घरी आली, पण तिला उठवायला-बसवायला दिवसभर माणूस लागणार होतं. सुनीतानं फोन केला. तिनं त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं.

"ताई, सहा आठवडे ये. आई वॉकर धरून चालाय लागली की तू मोकळी. नर्सरीवाले तवर थांबायचे न्हाईत."

मी लॅबमध्ये विचारलं. साठलेली रजा होती, बिनपगारी जोडून सहा आठवडे होत होते. साहेबीण लगेच हो म्हणाली. त्याच संध्याकाळी मी सुनीताला सांगितलं, "रजा नाही मिळत गं."

का सांगितलं? मी पुष्कळ कारणं शोधली. खरं इतकंच, की मला भीती वाटली. त्या घरात एकदा शिरले की सहा आठवड्यांचे सहा महिने होतील, आईचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, सगळं माझ्याकडं येईल आणि मला परत निघता येणार नाही. त्यातली दोन आठवड्यांची रजा मी घेतलीही. घरीच. परसात काचघर बांधायचं बरेच दिवस मनात होतं. नवऱ्यानं आणि मी मिळून ते उभं केलं.

सुनीतानं शिवऱ्याला नकार कळवला. आईनं फोनवर माझीच समजूत काढली. "तू मागितली आसशील. त्यांनी दिली न्हाई, त्याला तू काय करशील?"

यंदा फेब्रुवारीत मी टोमॅटो, वांगी, मिरच्यांचं बी ट्रेमध्ये टाकलं. ट्रे झोपायच्या खोलीत, खिडकीशी, हीटरच्या उबेला. एप्रिलपर्यंत रोपं वीतभर झाली. काचघरात हीटर नाही, नुसती काच. रोपं बाहेर कधी काढायची, हे मी सुनीतालाच विचारलं.

"एकदम काढू नगंस," ती म्हणाली. "दिवसा काचंत ठिवायची, सांच्याला घरात घ्यायची. आठ-धा दिवस तरी. आमी पण शेतात द्यायच्या आदी रोपं सावलीतनं थोडी थोडी उन्हाला काढतो. त्येस्नी सवय व्हाया पायजे."

चार दिवस मी ट्रे आत-बाहेर केले. पाचव्या दिवशी शिफ्ट लांबली, कंटाळा आला, ऊनही चांगलं पडलं होतं. सगळे ट्रे काचघरात ठेवून दिले. सकाळी दार उघडलं तर काचेला आतून बर्फाची नक्षी, आणि रोपं शिजवलेल्या भाजीसारखी काळी, मऊ, मातीवर आडवी.

रविवार होता. मी मोबाईल घेऊन काचघरातच उभी राहिले आणि सुनीताला दाखवलं. ती जवळून बघत होती. "मिरच्या गेल्या. टमाट्याची ती दोन बुडाला हिरवी हायेत, त्येला हात लावू नगंस." मग म्हणाली, "कॅमेरा फिरव की. लई मोठं दिसतंय काचंचं घर. कवा बांधलं?"

"आई पडली त्या वर्षी."

"पावसाळ्यात?"

मला पावसाळा म्हणता आलं असतं. ती मेलेली रोपं समोर होती, आणि तोंडातून निघून गेलं, "नाही. एप्रिलात. पंधरा दिवस घरीच होतो आम्ही."

पडद्यावर तिचा चेहरा होता तसाच राहिला, मला वाटलं नेट अडकलं.

"एप्रिलात तुला रजा न्हवती," ती म्हणाली.

"होती, सुनीता."

"सहा आठवडं?"

"सहा आठवडे."

"आईला चा द्यायचाय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढचे दोन रविवार तिनं फोन उचलला नाही. मी सगळं लिहून पाठवलं, भीतीसकट. माफी मागितली. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: "शिवऱ्याला परत विचारते. काम आसलं तर तू यायचं. नसलं तर रडायला यायची गरज न्हाई."

काम होतं, पण आधीचं नव्हे. ती जागा केव्हाच भरली होती. आता सुरुवात ट्रे भरण्यापासून करायची होती, तिच्याहून लहान पोरींच्या हाताखाली. ती हो म्हणाली. मी जूनमध्ये दोन महिन्यांसाठी गेले.

आईला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं. ती वॉकर धरून खाटेशी आली आणि टेकली. "मला सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली. "पर पोरीची सालं गेली की गं." मग मला तिची कंबर शेकायला सांगितली.

मी शेकायची, न्हाऊ घालायची, भाकरी करायची. ज्याची धास्ती घेतली होती ते काम एवढंच होतं. सुनीता सकाळी सातला स्कूटीवर निघायची, संध्याकाळी नखांत कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, घेऊन यायची, आणि दिवसभराचं सगळं आईला सांगायची. माझ्याशी कामापुरतं. मला ते लागायचं, आणि लागावं असंही वाटायचं.

शेवटच्या आठवड्यात तिनं ठरवून टाकलं: सकाळी शेजारच्या काकू आईजवळ बसतील, दुपारी चुलतवहिनी. वर्षातले दोन महिने मी. मला विचारलं नाही, सांगितलं.

पूर्वी गाव म्हणजे माझी वाट बघणारी जागा, अशी माझी समजूत होती. आता तिथं माझे दोन महिने मांडलेले आहेत. निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते, सुनीता दारात स्कूटीची चावी घेऊन उभी.

"पुढल्या साली कंच्या तारखेला येणार?" तिनं विचारलं.

"रजा टाकली की कळवते."

"तसं न्हाई. आत्ता सांग," ती म्हणाली. "नर्सरीत मला आदी सांगावं लागतं."

मी तारीख सांगितली. तिनं ती मोबाईलमध्ये घातली, मला परत वाचून दाखवली, आणि कामाला निघून गेली.