तिच्या बेटाची घटना

मी वाचायला शिकले ती वडील चळवळीत वाटायचे त्या पत्रकांवर. संविधानाची उद्देशिका उभं राहूनच वाचायची, हा आमच्या घरचा दंडक. लंडनमध्ये हाउन्सलोतल्या आमच्या मराठी मंडळातही तो पाळतात. एका रविवारी मी माझ्या फ्लॅटमेटला तिथे नेलं. ती नर्स आहे. दूरच्या एका बेटावरची, जिथे गव्हर्नर आजही लंडनहून नेमला जातो. बेटासाठी नवी घटना ठरत होती आणि दुसऱ्या दिवशी लंडनमध्येच होणाऱ्या सुनावणीत तिला एकच मागणी मांडायची होती: वरिष्ठ अधिकारी निवडून आलेल्या सरकारने नेमावेत. तिथल्या हॉस्पिटलचा प्रमुखसुद्धा गव्हर्नरच नेमतो. बाहेरून येणारा साहेब टिकत नाही, डायलिसिसचं मशीन येत नाही, आणि तिची आई वाट बघत सुजत चालली आहे.

आमचं वाचन संपलं तेव्हा मंडळातल्या काकू मोडक्या इंग्रजीत तिला म्हणाल्या, "आता तुझी वाच. आम्ही उभेच आहोत."

तिने फोनवर मसुदा उघडला. पहिल्याच ओळीत राजा. त्याने सल्ला घेतला, त्याला योग्य वाटलं, त्याने हुकूम दिला. बेटाची अख्खी घटना म्हणजे त्या हुकुमाची पुरवणी.

काकू खाली बसल्या.

"काय हो काकू, गुडघे?" कुणीतरी विचारलं.

"गुडघे ठणठणीत आहेत. राजासाठी उभी राहणार नाही. त्याने पाठवलेल्या साहेबासाठी तर नाहीच नाही."

सगळे हसले. मी तिला ते इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही.

सोमवारी सुनावणीत ती बोलली. आईचं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी आभार मानले. नेमणुकांचं कलम आधीच ठरलं आहे, म्हणाले. आज त्यावर चर्चा नाही.

"मग हिला बोलावलंत कशाला?" मी उठून ओरडले.

"प्लीज, खाली बसा."

मी बसले. तेवढ्यात बेटाचे नवे गव्हर्नर स्वतःची ओळख करून द्यायला आत आले. अख्खं सभागृह उठलं. तिने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी बसून राहिलो. समोर नुसत्या पाठी. आम्ही उठलो नाही, हे गव्हर्नरांना दिसलंसुद्धा नाही.

परतताना ट्रेनमध्ये तिच्या आईचा फोन आला.

"काय सांगू?" तिने मला विचारलं.

पत्रकांवर वाढलेली मी. एक वाक्य सुचेना. फोन वाजत राहिला, मग थांबला.